अनामिकेच्या दोन घड्या

चौसाळ्याच्या स्टँडवर मला कोणी रामराम घालत नाही. हात पुढे करतात, तोही उताणा. चहाला टेकलो की समोरच्या बाकावरचा गृहस्थ आधी इकडेतिकडे बघतो, मग पंजा टेबलावर पसरतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "बघा की साहेब जरा. आमचं कसं हाय?"

मी ज्योतिषी नाही. हात बघत नाही, पत्रिका बघत नाही, स्वतःचं भविष्यसुद्धा मला पेन्शनच्या तारखेपलीकडे दिसत नाही. मी शरीररचना विभागात तंत्रज्ञ होतो. अंबाजोगाईत, मेडिकलच्या नोकरीत, माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. देहदानात आलेले देह औषधी पाण्यात नीट राखायचे, हाडं उकळून, घासून, वाळवून तारेत ओवायची, पहिल्या वर्षाची पोरं चक्कर येऊन पडली की त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन निजवायचं, हे माझं काम. त्या काळात लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान रिकामं राहायचं. लोकांना वाटायचं, याच्या अंगाला वास येतो. येतच असावा. आता बोटांमुळे माझ्या शेजारी बसायला रांग लागते, आणि खरं सांगतो, तो वासच बरा होता.

बोटांचं हे झेंगट मॅडममुळे लागलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागात पुढचं शिक्षण घ्यायला आलेल्या डॉक्टर. चणीनं बारीक, बोलणं मोजकं, आणि चूक दिसली की चष्म्यावरून नुसतं बघायच्या. त्यांना प्रबंधासाठी विषय मिळाला: तर्जनी आणि अनामिका यांची लांबी. तर्जनी म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट, ज्यानं आपण दुसऱ्याच्या चुका दाखवतो. अनामिका म्हणजे करंगळीशेजारचं, ज्यात अंगठी घालतात. ही दोन बोटं मोजायची, एकाला दुसऱ्यानं भागायचं आणि आलेला आकडा लिहून ठेवायचा. शेकडो माणसांचे हात मोजायचे होते. मॅडमनी विचारलं, "जमेल?" मी म्हणालो, "मॅडम, मी कवटी मोजलेला माणूस आहे."

हा माझा पहिला मूर्खपणा. कवटी हलत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं बोट मोजणं म्हणजे काय, पट्टी लावली की झालं. तसं नसतं. हात उताणा ठेवायचा, बोटं सरळ पण ताणलेली नकोत. बोटाच्या बुडाशी जी घडी असते तिथून टोकाच्या मांसापर्यंत मोजायचं. नख धरायचं नाही. हे कॅलिपरनं, म्हणजे दोन जबड्यांच्या पोलादी मोजपट्टीनं, मिलिमीटरच्याही खाली जाऊन करायचं. आणि खरी मेख अशी, की तर्जनीच्या बुडाशी बहुधा एकच घडी असते, पण अनामिकेच्या बुडाशी पुष्कळदा दोन असतात. त्यातली खालची, तळहाताकडची घ्यायची. वरची घेतली तर बोट तीन-चार मिलिमीटरनं तोकडं भरतं आणि सगळं गणित उलटं होतं. "खालची घडी," हे दोन शब्द मॅडमनी मला किमान पन्नास वेळा ऐकवले. मी पन्नासही वेळा "हो मॅडम" म्हणालो.

मी हुशारी केली नाही असं नाही. एकेक हात मोजताना पाठीचा काटा ढिला झाला तेव्हा मला युक्ती सुचली. झेरॉक्सच्या मशीनवर सगळ्यांचे हात ठेवून घ्यायचे, कागद घरी न्यायचे आणि निवांत सोफ्यावर बसून मोजायचं. आठवडाभर मी पोरांचे पंजे काचेवर दाबून घेतले. मॅडमनी दहा हात पुन्हा समक्ष मोजले आणि माझे कागद शेजारी ठेवले. काचेवर दाबलं की बोटाचं मांस पसरतं, माप बदलतं. मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. आठवडाभराचे पंजे रद्दीत गेले. वर हेही निघालं, की काही पोरं चहाबिस्किटासाठी दोन-दोनदा मोजून गेली होती आणि मी त्यांना दोन वेगळी माणसं म्हणून लिहिलं होतं.

गिऱ्हाइकं काय एकेक आली! ऊसतोडीला जाऊन-जाऊन हाताची सालपटं झालेला एक म्हातारा सकाळपासून दारात बसून होता. त्याची पाळी आली तशी त्यानं आधी अंगठाच पुढे केला.

"अंगठा नको बाबा. ही दोन बोटं द्या."

"बोटं कावून? रेशनच्या मशीनवर अंगठाच उठत न्हाई ना माजा. तुमी मोजा अन् कागद द्या, की ह्यो अंगठा ह्याचाच हाय म्हणून."

मी त्याला अर्धा तास समजावलं, की हे वेगळं मोजमाप आहे, यातून रेशन मिळत नाही. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग मिळतं काय ह्यातून?" मी त्याच्यासमोर चहाबिस्किट ठेवलं.

दुसरे एक पुढारी. चार माणसं घेऊन आले. कुठून तरी ऐकलं होतं की बोटावरून नेतृत्वगुण कळतात. मी मोजलं. दोन्ही बोटं सारखी. "समान आहेत," मी म्हणालो. पुढारी जरा हिरमुसले. पण त्यांचा एक माणूस लगेच म्हणाला, "समान म्हंजी साहेब, सर्वांना समान न्याय!" पंधरा दिवसांनी चौकात त्यांचा फलक लागला. पंजा उताणा, आणि खाली तेच वाक्य, 'वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध' असं वर लिहून.

आता यातलं शास्त्र किती, ते एकदाच सांगतो, कारण चहाच्या टपरीवर ते कोणी पुरतं ऐकून घेत नाही. आईच्या पोटात बाळाला जी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, मिळतात, त्यांचा बोटांच्या वाढीशी काही संबंध असावा असा एक विचार आहे. पुरुषांची अनामिका तर्जनीपेक्षा सरासरीनं किंचित लांब असते, बायकांमध्ये हा फरक सरासरीनं कमी. त्यावरून पुढे स्वभाव, धाडस, राग, खेळ, काय काय जोडून बघितलं जातं. काहींना काही सापडतं, काहींना सापडत नाही, आणि त्यांचे वाद चालू आहेत. यातला कळीचा शब्द एकच: सरासरी. समजा चौसाळ्याची माणसं जवळच्या लिंबागणेश गावच्या माणसांपेक्षा सरासरीनं केसभर उंच निघाली. म्हणून स्टँडवर एखादा उंच माणूस दिसला की तो चौसाळ्याचाच, असं म्हणता येईल का? नाही. बास, एवढंच. मॅडम हे मला रोज सांगायच्या. "हजार हात मोजले तर काहीतरी म्हणता येईल. एका हातावरून काहीही म्हणता येत नाही." मी "हो मॅडम" म्हणायचो.

मला हे पाठ होतं. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

निवृत्त होऊन मी गावी, चौसाळ्याला आलो. निरोपाच्या दिवशी विभागानं मला नवा कॅलिपर भेट दिला, आणि तो मी सदऱ्याच्या खिशात पेन ठेवावा तसा ठेवू लागलो. निवृत्त माणसाला आपण कोणीतरी होतो हे दाखवायला काहीतरी लागतं. मास्तरांकडे छडीची आठवण असते, फौजदाराकडे मिशा. माझ्याकडे कॅलिपर.

आमच्या शेजारी भगवानअण्णा राहतात. त्यांचा मुलगा विकास. बी.एस्सी. झालेला, गावातलं दूध संकलन केंद्र तोच चालवतो. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, नमुना मशीनला लावायचा, फॅट काढून चिठ्ठी द्यायची. आवाज चढवून बोललेला मी कधी ऐकला नाही. म्हशी त्याला ओळखतात, आणि म्हशींच्या मालकिणीही दुसऱ्या केंद्रावर जात नाहीत. त्याला लिंबागणेशची मुलगी सांगून आली होती. शीतल नाव. हा जाऊन बघून आला होता, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फोनवर बोलणंही सुरू झालं होतं. राहिलं होतं फक्त मुलीकडच्यांनी घरदार बघून जाणं. तेवढ्यासाठी मुलीचे वडील लक्ष्मणराव आणि मुलीचे मामा असे दोघे आले. शेजारचे जाणते म्हणून अण्णांनी मला बोलावून घेतलं. मी इस्त्रीचा सदरा घातला. कॅलिपर खिशात होताच.

मामा म्हणजे भरदार माणूस. पोह्यांची बशी एका हातात, दुसऱ्या हातानं बोलणं. घर बघून झालं, गोठा बघून झाला, विहीर बघून झाली. मग मामांची नजर माझ्या खिशावर आली.

"हे काय हत्यार ओ?"

मी काही बोलायच्या आत अण्णा अभिमानानं म्हणाले, "साहेब मेडिकलला व्हते आमचे. हजारो लोकांची बोटं मोजलीत. माणूस कसा हाय ते बोटावरून सांगतेत."

इथं मी "नाही, तसं काही सांगता येत नाही" म्हणायला हवं होतं. ते वाक्य मला पाठ होतं. पण सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि माझ्याकडे असं कौतुकानं बघून फार वर्षं झाली होती. मी नुसतं हसलो. जाणकार माणूस हसतो तसा.

"मंग आमच्या पाव्हण्याचं मोजा की!" मामा म्हणाले.

विकासनं गुपचूप हात पुढे केला. मी कॅलिपर उघडला. ओसरीत उजेड थोडका, मामा खांद्यावरून वाकलेले, अण्णा "बघा कसं बारीक मोजतेत" म्हणून धावतं वर्णन करताहेत. तर्जनी मोजली. अनामिका मोजली. आकडे मनात लावले आणि मला नवलच वाटलं. अनामिका तर्जनीपेक्षा चांगली दोन-अडीच मिलिमीटरनं तोकडी. आणि प्रयोगशाळेतल्या सवयीनं माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं:

"अरे वा! हे तर बायांसारखं आहे."

बशीतला चमचा वाजायचा थांबला.

"बायांसारखं म्हंजी?" मामांनी विचारलं.

आता गप्प बसणारा शहाणा. मी खुलासा करायला लागलो. "म्हणजे वाईट काही नाही. आईच्या पोटात असताना पुरुषी हार्मोन जरा कमी मिळालं असावं, एवढंच."

आतून विकासची आई, कौसावहिनी, चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात येत होत्या. तिथंच थबकल्या.

"कमी मिळालं? माज्या पोटात काय कमी व्हतं ओ भावजी? चार लेकरं झालीत, कुनाला काय कमी पडलं न्हाई!"

"तसं नव्हे वहिनी, उलट अशी माणसं मायाळू असतात..." मी म्हणालो. हेही कुठे सिद्ध झालेलं नाही. मी त्या क्षणी बनवलं.

"मायाळू," मामा म्हणाले, आणि बशी खाली ठेवली. लक्ष्मणराव आपल्या चपलांकडे बघत होते. विकासनं हात हळूच मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला. ते मला दिसलं. अजून दिसतं.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. चार दिवस काही कळवलं नाही. पाचव्या दिवशी मामांचा अण्णांना फोन: "आमाला जरा इच्यार करावा लागंल. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

आणि मग ते गावभर झालं. कसं झालं विचारू नका. हजेरीपटावर नाव असावं तशी प्रत्येकाला ती बातमी एकेकदा मिळाली, आणि प्रत्येकानं त्यात आपल्या पदरचं घातलं. दवाखान्यात विकासच्या तपासण्या झाल्यात, रिपोर्ट खराब आलाय, मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय, इथवर गेलं. तो मोठा डॉक्टर मी होतो.

माझी बायको मला ताट वाढताना म्हणाली, "मेलेल्यांची मोजत होतात तेच बरं होतं. ते कुणाच्या लग्नाला आडवे येत नव्हते." मग आठवडाभर ती फार काही बोलली नाही.

मी लोकांना सांगत सुटलो, की असं काही नसतं. टपरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, न्हाव्याकडे अर्ध्या दाढीत सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते पक्कं होत गेलं. "साहेब आता झाकतेत," लोक म्हणायचे. "शेजार हाय ना शेवटी." मला वाटायचं, एकेकाला धरून बाकावर बसवावं आणि सरासरी म्हणजे काय ते फळ्यावर खडूनं लिहून दाखवावं. एकानं तर सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "बरं, पन मंग त्येला लेकरं हुतील का न्हाई?"

एके दिवशी सकाळी मी किटली घेऊन दूध आणायला केंद्रावर गेलो. एरवी बायको जाते, पण त्या दिवसांत घरापेक्षा केंद्र बरं. तिथं गावातली दोन-तीन टगी पोरं मोटारसायकलवर बसली होती. त्यातलं एक ओरडलं:

"बे विक्या! सगळ्या गावाचं फॅट मोजतो, तुजं कोन मोजायचं बे?"

विकासनं मान वर केली नाही. नमुना घेतला, मशीनला लावला, आकडा आला, चिठ्ठी फाडून समोरच्या बाईच्या हातात दिली. पोरं हसत निघून गेली. मी पुढे झालो. किटली पुढे केली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिलो. नमुन्याची बाटली उजव्या हातात उजेडाकडे धरलेली, सकाळचं ऊन थेट बोटांवर. आणि मला ती दिसली. अनामिकेच्या बुडाशी एक घडी, आणि तिच्याखाली, तळहाताला लागून, दुसरी.

"थांब!" मी त्याचं मनगटच धरलं. कॅलिपर काढला, तिथंच उभ्याउभ्या मोजलं. खालच्या घडीपासून. एकदा, दोनदा, तीनदा. अनामिका तर्जनीपेक्षा लांब. चांगली लांब! ओसरीत मी वरची घडी धरली होती. पन्नास वेळा "हो मॅडम" म्हणणारा मी.

"विकास! माप चुकलं होतं! मी वरचीच घडी धरली, दुसरी खाली होती! तुझं बोट मोठं आहे बाबा, कुणाच्याही बोटाला हरवेल असं! आत्ता जातो आणि लिंबागणेशला सांगतो!"

मला वाटलं पोरगं उडी मारेल. त्यानं बाटली ठेवली, हात फडक्याला पुसले.

"काका, अन् चुकलं नसतं तर?"

"म्हणजे?"

"म्हंजी माप बरोबरच असतं अन् बोट बारकंच असतं, तर मी काय झालो असतो?"

"काहीच नाही रे. एका माणसावरून काही सांगता येत नाही. कधीच येत नाही."

"मंग तेच सांगा तिथं. माप चुकलं हे सांगू नगा."

एवढं हातात आलेलं, आणि हा म्हणतो सांगू नका!

"मी रोज फॅट मोजतो काका. मशीन चुकलं तर लोकांना तोंडावर सांगतो, चुकलं म्हणून. पन एखाद्या म्हशीचं फॅट कमी आलं म्हणून मी तिला वाईट चालीची म्हणत न्हाई. तुमी मला म्हणलात. आज मी सुटंन तुमच्या दुसऱ्या घडीवर. उद्या ज्याचं खरंच तसं निघंल त्यानं काय करायचं? अन् मी बी काय, जन्मभर ह्या बोटाच्या मेहेरबानीवर नांदायचं का?"

मी वचन दिलं. किटलीची शपथ घेतली असं म्हणा, हातात तीच होती.

रविवारी विकासनं जीप काढली. मी, अण्णा, कौसावहिनी आणि तो. लिंबागणेशला शीतलच्या घरी आम्ही येतोय हे कळवलं होतं. लक्ष्मणरावांनी सतरंजी टाकून ठेवली होती. मामा होतेच, इथंही हातात पोह्यांची बशी. आतल्या दारात शीतल उभी, ओढणीचा पदर हातात गुंडाळत. तिचे डोळे रडून सुजलेले नव्हते, चिडलेले होते. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो आणि माझ्याबद्दल तिचं काय मत आहे ते लगेच कळलं.

मी सुरुवात चांगली केली. घरून ठरवून आलो होतो. शास्त्र काय म्हणतं, सरासरी म्हणजे काय, चौसाळ्याची उंच माणसं, लिंबागणेशची बुटकी माणसं...

"आमी बुटके?" मामांनी विचारलं.

"नाही, समजा! समजायचं!"

"समजून कावून घ्यायचं? गावात बघा की आमच्या फिरून."

मी हार्मोन सांगितले, हजार हात सांगितले, मॅडमचं नाव घेतलं. लक्ष्मणराव शांतपणे ऐकत होते. भला माणूस. पण सगळं ऐकून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "साहेब, ते सगळं असंल. आमी अडाणी. तुमी एवढंच सांगा, माप किती हाय?"

माझी नजर विकासकडे गेली. त्यानं मान नाही अशी हलवली, अगदी थोडी. कौसावहिनी माझ्याकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होत्या. मामा बशी खाली ठेवायच्या बेतात होते, आणि ही बशी खाली ठेवली गेली की स्थळ गेलं, हे मला एकदा कळून चुकलं होतं.

"माप चुकलं होतं," मी म्हणालो. "मी वरची घडी धरली. खालून मोजलं. अनामिका मोठी आहे."

एकदम घर हललं. "असं व्हय!" मामा ओरडले. "मंग आधी सांगायचं की वं!" अण्णांनी मला मिठी मारली. कौसावहिनींनी देवाच्या दिशेनं हात जोडले, दिशा चुकली पण जोडले. लक्ष्मणराव आत बघून म्हणाले, "चहा टाका गं." फक्त विकास तसाच बसला होता, सतरंजीची दशी ओढत.

आणि शीतल दारातून पुढे आली. सरळ माझ्यासमोर. उजवा हात उताणा करून पुढे धरला.

"काका, आता माजं मोजा."

"अगं, तुझं कशाला?"

"कावून न्हाई? त्यांचं दोनदा मोजलं. लग्न दोघांचं हाय ना? मोजा. अन् माजं निघालं बाप्यासारखं, तर ह्यांच्या घरच्यांनी काय करायचं, ते बी आत्ताच ठरवा."

कौसावहिनी मामांकडे, मामा लक्ष्मणरावांकडे, आणि मग सगळे मिळून माझ्याकडे. हात माझ्या तोंडासमोर, दारातून ऊन आलेलं. एवढी वर्षं हात बघितलेल्या माणसाला कॅलिपर लागत नाही. नुसत्या नजरेला दिसत होतं, अनामिका तर्जनीच्या वर चांगली डोकं काढून उभी. विकासपेक्षाही वर. मला तो आकडा मिलिमीटरसकट सांगता आला असता, आणि खोटं काय सांगू, जीभ वळवळलीही. खिशाशी हात गेला. समोर विकास माझ्या त्या हाताकडे बघत होता.

मी हात मागे घेतला.

"दिसत नाही मला," मी म्हणालो. "चष्मा घरी राहिला."

खोलीतला एकूण एक माणूस माझ्या नाकाकडे बघत होता. तिथं चष्मा होता. सोनेरी काड्यांचा, दोरीला बांधलेला, मॅडम वापरायच्या तसा.

मग आधी शीतलच्या ओठांचा कोपरा हलला. मग लक्ष्मणराव तोंडावर उपरणं धरून खोकल्यासारखं करायला लागले. मामांना जरा उशिरा कळलं, पण कळल्यावर ते इतके हसले की बशी हातातून सुटली. कौसावहिनींनी शीतलचा तो पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा केला, आणि तळहात खाली गेला. "राहू द्या ओ भावजी," त्या म्हणाल्या. "आमाला दिसतंय ना. हात चांगला हाय."

तारीख तिथंच ठरली.

परत येताना मी पुढे, विकासशेजारी बसलो होतो. अण्णा आणि वहिनी मागे मांडवाच्या गप्पांत. समोरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली, तिला वाट देऊन झाल्यावर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमी माप सांगितलंत."

"सांगितलं रे. तोंडातून गेलं."

"आता पोरं म्हणतील, विक्याचं बोट मोठं निघालं. अन् पुढच्याचं बारकं निघालं की त्याला धरतील."

"हो," मी म्हणालो. तसंच झालं. पुढच्याच आठवड्यात ती टगी पोरं केंद्रावर त्याला "विकासभाऊ" म्हणायला लागली आणि एकमेकांचे पंजे ओढून बघायला लागली. मी काय काय सांगितलं त्यातलं कुणाच्याही डोक्यात काही शिरलं नव्हतं. घड्यांचं मात्र बरोबर शिरलं. आता टपरीवर लोक मला सांगतात, "खालची घडी धरा बरं का साहेब, वरची न्हाई."

पण ते नंतरचं. जीपमध्ये मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. विकासनं एकदा माझ्याकडे तिरकं बघितलं.

"चष्म्याचं मात्र बरं केलंत," तो म्हणाला. आणि गिअर बदलत, हसू दाबत: "फकस्त पुढच्या येळी काढून खिशात तरी ठेवा."